पडदा काळा, पंखा चालू

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कुठल्याही वस्तूला मेलेली म्हणत नाहीत. कोपऱ्यावर त्यांचं विजेच्या मोटारी बांधून देण्याचं दुकान आहे. जळालेला पंखा आणा, पाण्यात बुडालेला पंप आणा, तारा उसवून नव्याने गुंडाळायला घेतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "जीव आहे हो याच्यात!" कधीकधी नसतो. मग ती वस्तू फळीवर धूळ खात पडते, गिऱ्हाईक नवीन घेऊन मोकळं होतं, पण "गेली" हा शब्द काही भाऊजींच्या तोंडून निघत नाही. मी त्यांना तोंडावर हट्टी म्हणते. मेहुणीला तेवढा हक्क असतो.

ताईच्या घशात गाठ निघाली आणि आवाजाची पेटीच काढावी लागणार असं ठरलं, तेव्हा ताई रडली, मी रडले, आणि भाऊजी कुणाचा तरी जुना लॅपटॉप घेऊन आले. ऑपरेशनच्या आधी त्यांनी ताईला समोर बसवून तिच्या आवाजात वाक्यं भरून घेतली. "अहो, ऐकलंत का?" "दार लावून घ्या." "पाठ दुखतेय, उशी द्या." प्रत्येक वाक्याला पडद्यावर एक चित्र आणि खाली कळफलकावर एक बटण. लॅपटॉप सुरू केला की ही चित्रं आपोआप समोर यायची. वाक्यं कोणती घ्यायची ते अर्थातच भाऊजींनी ठरवलं.

"अहो, 'नाही' राहिलं की," मी म्हटलं.

"त्याला काय, मान हलवता येते."

तेव्हापासून त्या घरात ताईचा आवाज असायचा आणि ताई गप्प असायची. भाऊजी दुकानातून आले की आधी लॅपटॉप उघडायचे. मला ते बघवत नसे, पण त्यांच्या संसारात मी कशाला नाक खुपसू?

मग गाठ परत आली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. उपचार पुन्हा करता येतील, पण त्रास पहिल्याहून जास्त आणि भरवसा कमी. "आणि पेशंटने स्वतः सांगितल्याशिवाय मी सुरू करणार नाही," असं म्हणून त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई जमिनीकडे बघत बसली. भाऊजींनी लिहायला पाटी पुढे केली, तर तिने पेन्सिल बाजूला ठेवली. "लॅपटॉप आणायचा राहिला," भाऊजी म्हणाले, "उद्या आणतो, मग बोलेल ती." आणि दुसऱ्या दिवशी उपचार सुरू करायचं ठरवूनच ते घरी आले.

घरी येऊन बघतात तर लॅपटॉपचा पडदा काळा.

मी पोचले तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्याचा कोथळा बाहेर काढलेला होता. बटण दाबलं की दिवा लागे, आतला पंखा घुमे, आणि पडदा काळा कुळकुळीत. दुरुस्तीवाला म्हणाला होता, आठ दिवस ठेवून जा.

"ठेवून जा म्हणे! ती काय ठेवून जायची वस्तू आहे?" भाऊजी माझ्यावरच खेकसले.

चार्जर काढून झाला, बॅटरी काढून झाली, बटण दाबून धरून पुन्हा सोडून झालं. उजेड वाढवायचं बटण दाबून दाबून त्यावरची खूण पुसट झाली. आतली मेमरीची पट्टी त्यांनी काढली, खोडरबराने घासली, फुंकर मारून परत बसवली. काही नाही. स्क्रू वाटीत ठेवले होते, त्यातला एक खाली पडला, तर हे गृहस्थ टेबलाखाली रांगत होते. समोरच्या खुर्चीत ताई शाल गुंडाळून बसली होती. इतकी वाळली होती की शालच मोठी दिसत होती.

"भाऊजी, जरा तिच्याकडे बघा तरी," मी म्हटलं.

"आधी हे. पंखा चालू आहे म्हणजे जीव आहे. टॉर्च धर."

मला राग आला होता, तरी धरला. तिरपा धरल्यावर काळ्या पडद्यात काहीतरी हललं. नीट पाहिलं तर आत चित्रं होती, अगदी पुसट, पण सगळी जागच्या जागी.

"बघ! फक्त मागचा दिवा गेलाय," भाऊजी ओरडले.

पडदा गेला म्हणजे आवाजही गेला, असं आम्ही दोघं शहाणे धरून चाललो होतो. वाक्याचं एकही बटण कुणी दाबून पाहिलं नव्हतं. ताई उठली, टेबलाशी आली आणि न बघता तिने एक बटण दाबलं.

"पुरे झालं आता."

तिचा तो जुना, खणखणीत आवाज. पानात कुणी जास्त वाढलं तर म्हणायला भरलेलं वाक्य. भाऊजींचे डोळे भरून आले. "आला! आला गं आवाज! दुसरं दाब."

ताईने तेच दाबलं. "पुरे झालं आता."

"हे चालतंय, कळलं. दुसरं दाब."

"पुरे झालं आता."

"बटण अडकलंय वाटतं," म्हणत भाऊजींनी ब्रश उचलला आणि बटणाखालची धूळ झाडू लागले. मला कळलं होतं. मी टॉर्च विझवला. ताईने त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि पुन्हा तेच बटण दाबलं.

भाऊजी खाली बसले.

"उद्याचं म्हणतेस?"

ताईने होकाराची मान डोलावली.

"एकदाच. माझ्यासाठी?"

ताईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा, आणि तो हात तिथेच राहू दिला. तिचं उत्तर त्यांना कळलं. मग ते हुंदके देऊन रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मी त्यांना हट्टी म्हणायचे याची मला लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी इस्पितळात फोन लावला. आवाज साफ बसलेला. "उद्या आम्ही येत नाही."

पलीकडून तारखा देणाऱ्या बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "बरं, मग पुढची कोणती तारीख देऊ?"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं.

"हॅलो? ऐकू येतंय का? पुढची कधीची लिहू?"

ताईने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.