ईदच्या दिवशी उघडलेला नकाशा

गाबेस शहराच्या पाणीखात्यात वहीदा पाइपांचे नकाशे काढायची. ईदच्या दुसऱ्या दिवशी बाजारामागची मोठी पाइप फुटली. गल्लीत गुडघाभर पाणी साचलं आणि पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह आम्हा दुरुस्तीवाल्यांना सापडेना. ऑफिसला कुलूप होतं, नकाशे राजधानी ट्युनिसच्या सर्व्हरवर आणि वहीदा पाय मोडून घरी. मी तिलाच फोन केला.

तिने घरच्या कॉम्प्युटरवरून ऑफिसचं नेटवर्क जोडलं, पण नकाशांचा ड्राइव्ह तिचं नाव स्वीकारेना. मग तिने ट्युनिसच्या मोन्सेफला गाठलं. तिथले सर्व्हर तोच सांभाळायचा.

"ताई, नुसतं नाव टाकताय ना? आधी आपल्या खात्याचं नाव टाका, मग तिरकी रेघ, मग तुमचं."

"सासऱ्यांचंही टाकू का?" वहीदा वैतागून म्हणाली, पण तिने तसं केलं आणि ड्राइव्ह उघडला.

नकाशाप्रमाणे व्हॉल्व्ह न्हाव्याच्या दारातल्या नव्या फरशीखाली होता. न्हाव्याने आरडाओरडा केला, तरी आम्ही फरशी उचलली आणि पाणी थांबलं.

मी वहीदाला पाणी थांबल्याचं कळवलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं काढतेय हे नकाशे. आज पहिल्यांदा कुणी मागितला." आणि मोन्सेफला सांगायला तिने फोन ठेवला.