माझ्या वाट्याची सुकडी

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला कौतुकानं सांगितलं होतं, "माझ्या लेकाची झोप लई गाढ हाय. घोराय लागला की आळीतली कुत्री गप बसत्यात." ते खरंच होतं. हे घोरायला लागले की शेजारची म्हातारी भिंतीवर थाप मारायची. मग एकाएकी घोरणं थांबायचं, श्वासही ऐकू यायचा नाही. थोड्या वेळानं बुडता माणूस पाण्यावर यावा तसे हे दचकून मोठा श्वास घ्यायचे, की पुन्हा सुरू. मधल्या त्या शांततेत मला बरं वाटायचं. वाटायचं, आता कुठं यांना खरी झोप लागली. तेवढ्यात मीही डोळे मिटून घ्यायची. एवढीच माझी अक्कल.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला. नदी होती, पण बहात्तरच्या दुष्काळात तिच्यात झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरावं लागायचं. गावाजवळ पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. हे शिकलेले, घरातले पहिले पगारी माणूस. त्यांना हजेरी कारकुनाचं काम मिळालं. मी सातवी पास, पण त्याच कामावर खडी फोडत होते. कारकुनाची बायको हातोडी घेते म्हणून कुणी हसलं नाही, कारण हसायला मोकळं कुणी उरलंच नव्हतं.

हसायचे ते यांच्या झोपेला. सकाळी उठायचे तेच डोकं गच्च धरून. लिंबाखाली बसून हजेरी घेताना एखादं नाव अर्धं तोंडात असतानाच मान पुढं पडायची आणि पेनाची रेघ कागदावरून खाली ओढली जायची. बाया म्हणायच्या, "कारकून सायबाची समाधी लागली." मी म्हणायची, "तुमच्या नवऱ्यावानी पिऊन तर पडत न्हाईत." तोंडाला मी कुणाला हार जात नव्हते. आतून मात्र भ्यायले होते. जो माणूस रात्रभर झोपतो, त्याला दिवसा एवढी झोप येतेच कशी?

सासूबाईंनी त्यांच्या उशाखाली विळा ठेवला. म्हणाल्या, छातीवर काहीतरी बसतंय. यांनी सकाळी तो काढून कोनाड्यात ठेवला आणि आईला एवढंच म्हणाले, "आपुन हे समदं सोडलंय न्हवं?" धर्म बदलून, देव सोडून आम्हाला बरीच वर्षं झाली होती, पण भीतीनं आम्हाला सोडलं नव्हतं. विळ्याचा उपाय चालला नाही तेव्हा सासूबाईंनी दुसरं निदान केलं, "अंगात ताकद न्हाय, म्हून डोळं मिटत्यात." मला ते लगेच पटलं. त्या साली आम्हाला एकच रोग माहीत होता, भूक.

कामावर मजुरांना हजेरीप्रमाणं सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठाची, गुळमट, तपकिरी भुकटी. बाया तिथंच बसून खायच्या. मी माझा वाटा पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची आणि पाण्यात कालवून यांच्यापुढं ठेवायची. "तू खाल्लीस का?" असं ते विचारायचे. "तिथंच पोटभर खाल्ली," असं मी म्हणायची. रोज. सगळं गाव वाळत चाललं असताना आमच्या घरचा एक माणूस तसाच राहिला, उलट मानेला आणखी जाड झाला. मला त्याचा अभिमान वाटायचा.

लोकांनाही ती मान दिसत होतीच. एका दुपारी वरचे साहेब जीपमधून आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कारकून, घरी सुकडी जाते का?" यांनी मान खाली घातली. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. मीच उठले आणि म्हणाले, "जाती साहेब. म्या माझ्या वाट्याची नेते. सरकारची न्हाय." साहेब माझ्या हातांकडं बघत राहिले. हातांच्या काड्या झाल्या होत्या. तरी म्हणाले, "दुष्काळात स्वतःचा घास कुणी देतं का बाई?" मागून कुणीतरी हसलं. माझ्याच गावातलं होतं. खरं बोलून झालं होतं, आणि त्यापलीकडं माझ्याजवळ काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीपट दुसऱ्याकडं गेला. हे घरी बसले. "म्या चोरी केली न्हाय, फकस्त झोपलो," असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. मी म्हणायची, "ठाऊक हाय मला." पण झोप येऊ नये म्हणून काय करावं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पुढं पाऊसपाणी झालं, गावात दूध सोसायटी निघाली आणि यांना तिथं दूध मापायचं काम मिळालं. पहाटे माप हातात धरूनच डुलकी लागायची. मी घरच्या दुधातला एक पेला यांच्यासाठी न चुकता काढून ठेवत होते. अशक्तपणा अजून गेला नाही, असं मला वाटत होतं. एके दिवशी माप हातातून पडलं आणि माणूसही पडला. उजवी बाजू गेली. तालुक्याच्या डॉक्टरनं रक्तदाब फार वाढल्याचं सांगितलं. दोन वर्षं खाटेवर काढून हे गेले. झोपेतच गेले. घोरणं थांबलं होतं आणि मला बरं वाटून मीही झोपी गेले होते.

फार वर्षांनी मुलीला घेऊन सोलापूरला डॉक्टरकडं गेले. तीही घोरते, बापासारखीच जाड मानेची आहे. डॉक्टर मला विचारत होते, "झोपेत श्वास मध्येच थांबतो का?" मी म्हटलं, व्हय. "दचकून उठतात?" व्हय. "सकाळी डोकं धरतं? बसल्या बसल्या डोळा लागतो?" व्हय, व्हय. मुलगी म्हणाली, "आई, माझं कुठं डोकं दुखतं?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाचं सांगत होते गं."

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, रात्रभर जीव श्वासासाठी झगडतो. म्हणून दिवसा झोप येते, रक्तदाब चढतो, हृदयावर, मेंदूवर ताण येतो. अशक्तपणा नसतो तो. अंगावर, मानेवर चरबी वाढली की श्वास आणखी अडतो. मुलीला म्हणाले, वजन उतरवा, झोपेची तपासणी करून घ्या.

मी विचारलं, "सुकडीनं वाढतंय का हे?"

डॉक्टर तरुण होते. सुकडी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या वाट्याचा घास."