बारामतीच्या घरात इंदापूरची मांजर

ह्यांची इंदापूरची नेमणूक संपली आणि हे घरी परत आले, तेव्हा टेंपोतून एक गादी, एक स्टोव्ह, दोन बादल्या आणि तोंड बांधलेली गोणी उतरली. गोणी हलत होती.

"ह्यात काय आहे?" मी दारातच विचारलं.

"मांजर आहे."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. खोलीवर यायची. आता खोली दुसऱ्याला दिली, त्याला मांजर चालत नाही."

हे कालव्याच्या कामावर होते. दोन वर्षं इंदापूरला एकटे राहिले आणि रविवारी तेवढे बारामतीला यायचे. मी इथल्या दवाखान्यात नर्स, त्यामुळे मला घर हलवणं शक्य नव्हतं. मुलीचं लग्न झालेलं. त्या दोन वर्षांत संध्याकाळी ह्यांच्याशी बोलायला काय होतं, तर ही मांजर. ते त्यांनी सांगितलं नाही, पण गोणीची गाठ सोडताना ज्या आवाजात ते तिच्याशी बोलले त्यावरून मला कळलं. तो आवाज मी मुलगी पाळण्यात असताना ऐकला होता.

अडचण एवढीच होती की घरात आधीच एक मांजर होती. पांढरी, पाठीवर दोन तांबूस ठिपके. मुलगी शाळेत असताना तिनं आणलेली, आता वयस्कर झालेली आणि स्वभावानं माझ्यासारखी. वेळेवर खाणं, वेळेवर झोपणं, उगाच मांडीवर येणं नाही. इंदापूरची करड्या पट्ट्यांची होती, लांब पायांची, एक कान फाटलेला. बाजारात, उसाच्या गाड्यांखाली वाढलेली. मी तिला बघूनच ठरवलं की ही माझ्या मांजरीला मारणार. म्हणून मी त्याच दिवशी नियम सांगितला. महिनाभर बघायचं. जी दुसरीच्या अंगावर जाईल ती या घरात राहणार नाही, मग तिला तुम्ही परत इंदापूरला नेऊन सोडायची.

"बरं," हे म्हणाले. माणूस सरकारी होता, नियमाशी वाद घालत नसे.

मी काम पद्धतशीर करायचं ठरवलं. नवा पेशंट आला की आधी वेगळा ठेवायचा. नवीला मागच्या खोलीत ठेवलं, घमेल्यात वाळू दिली, दूध-भाकरी दिली, दार लावलं. दाराखालच्या फटीतून दोघी एकमेकींचा वास घेत बसायच्या. चार-पाच दिवसांनी दार उघडलं. मी हातात झाडू घेऊन उभी राहिले, नवीला आवरायला.

नवी बाहेर आली, भिंतीला धरून चालत स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि तिनं डोळे अर्धे मिटले. माझी पांढरी मात्र ओट्याखालून बाणासारखी सुटली आणि तिच्या पाठीवर बसली. झाडू कुणावर उगारायचा हे मला कळेना. शेवटी तो मी जमिनीवर आपटला आणि दोघी दोन दिशांना पळाल्या.

हे दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "अंगावर कोण गेली?"

"पहिला दिवस धरायचा नाही."

"असं नियमात नव्हतं."

"आता आहे," मी म्हणाले.

माणसांमध्ये राहायला लागलेल्या जनावराला आपण माणसाळलेलं म्हणतो. नवी पूर्ण माणसाळलेली होती. माझ्या पायात घोटाळायची, शेजारणीच्या नातवाच्या हातून बिस्कीट खायची. पण एका जनावरानं दुसऱ्याला आपलं म्हणावं, ह्याला आपल्याकडं शब्दच नाही, तर करायचं काय हे तरी कुणाला माहीत असणार. शेजारीण रोज कुंपणापाशी येऊन चौकशी करायची. "मांजर सात घरं फिरतं म्हणतात. तुमचं कितवं लागलं तिला?" किंवा, "सिस्टर, रुळवायचं कुणाला आहे नक्की, मांजराला का साहेबांना?" मी तिला म्हणायची, साहेब रुळले आहेत, त्यांना वाळूचं घमेलं लागत नाही.

कळस गावाहून आक्का आल्या. आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. घरी चार गाई, शेत, आणि बोलण्यात कुणाची भीड नाही. त्यांनी बसल्या बसल्या एक मारामारी पाहिली आणि तंबाखू मळता मळता म्हणाल्या, "वास लावला न्हाय तुमी."

"कसला वास?"

"आगं, गाय दुसरीचं वासरू घेती का? लाथा घालती. मग आमी काय करतो? गाईच्या अंगाचा वास वासराला चोळतो, वर मीठ लावतो. मिठापायी ती चाटती, आन् चाटलं की तिला आपलंच वाटतंय. येवढंच हाय."

"आक्का, ही गाय नाही आणि ती वासरू नाही. दोघी बाया आहेत."

"बायांचंच तर अवघड असतंय," आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या. "मला ठाव न्हाय व्हय."

हे म्हणाले, "आक्का, आपल्यात असलं काही मानत नाहीत."

"गप रे. आपल्यात देव-देवस्की न्हाय. वास बी न्हाय का?"

आक्कांनी पांढरीच्या अंथरुणाचं फडकं घेतलं आणि नवीला खसाखसा पुसलं. मीठ मांजर चाटणार नाही हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी थोडी सुकट पाण्यात भिजवली आणि ते पाणी नवीच्या पाठीवर शिंपडलं. सगळं घर मासळी बाजारासारखं झालं. नवी स्वतःलाच चाटत सुटली. थोड्या वेळानं पांढरी ओट्याखालून आली, नाक पुढं केलं, आणि खरंच तिच्या मानेवर दोनदा जीभ फिरवली.

"बगा," आक्का हळूच म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी पांढरीनं जीभ आत घेतली, पंजा वर केला आणि नवीच्या तोंडात दिली. सुकटीचं भांडं लवंडलं. आक्कांनी ते उचलून सरळ ठेवलं. "मीठच घालाय पायजे हुतं," म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आता तितका ठाम नव्हता. संध्याकाळच्या एसटीनं त्या गेल्या. सुकटीचा वास घालवायला मी सगळी फरशी फिनेलनं पुसली. तशी मी रोजच पुसायची. दवाखान्याची सवय, फिनेलचा वास आल्याशिवाय मला घर स्वच्छ वाटायचंच नाही.

त्यानंतर जे चाललं ते मला काही केल्या कळेना. संध्याकाळी दोघी शांत असायच्या. एक खाटेखाली, एक पेटीवर, मध्ये दोन हातांचं अंतर. मला वाटायचं, जमलं. सकाळी मी अंघोळ करून, घर पुसून, पोळ्या लाटायला बसले की पुन्हा पहिल्यापासून. फिस्कारणं, पाठ वर करणं, जणू रात्रीत कुणीतरी नवी मांजर आणून ठेवली. काल संध्याकाळी जिच्याशेजारी बसलीस ती हीच आहे, हे पांढरीला समजावून सांगायची सोय नव्हती. ह्यांनी म्हणून पाहिलं की नवीचीच चूक असेल, ती सकाळी काहीतरी करत असेल. मी म्हटलं, तुम्ही तिच्या बाजूचे असून असं म्हणता? ते म्हणाले, मला बाजू राहिलेलीच नाही, मला फक्त पेपर वाचायचा आहे.

मग पांढरीचा गाल सुजला. नवीची नखं लागली असणार, आत पू झाला होता. मी माणसांच्या जखमा रोज बांधते, पण मांजर धरायला ह्यांना जमेना आणि एकटीला मला. जनावरांच्या दवाखान्यात नेली. तिथं एक म्हैस, तीन शेळ्या आणि आम्ही. डॉक्टर म्हणाले, "बाई, इथं लोक मांजर घालवायचं औषध मागतात. मांजर बरं करायला तुम्ही पहिल्याच आलात." पण काम चांगलं केलं. पू काढला, जखम धुतली आणि वर जांभळं औषध फासलं. पांढऱ्या मांजरीचं अर्धं तोंड जांभळं झालं. सुई दिल्यामुळं ती गुंगीत होती, म्हणून दिवसभर तिथंच ठेवून संध्याकाळी घेऊन जा म्हणाले.

संध्याकाळी मी तिला पिशवीत घालून घरी आणली आणि जाळीच्या दारात खाली ठेवली. अंगाला दवाखान्याचा आणि औषधाचा वास घेऊन ती अडखळत आत निघाली. समोर नवी उभी होती. इतके दिवस मार खाऊन भिंतीला धरून चालणारी ती इंदापूरची मांजर अंगावरचा केस अन् केस उभा करून उंबऱ्यात आडवी झाली आणि अशी ओरडली की शेजारीण चहा टाकून बाहेर आली. पांढरी मागं सरली. नवी तिच्यावर धावून गेली.

पांढरी अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली. सात-आठ वर्षं ज्या घरात राहिली त्याच्या दाराकडं बघत, परक्या बाईसारखी. मी बोलावलं, दूध ठेवलं. आली नाही. शेवटी ह्यांनी तिला टॉवेलात गुंडाळून आणलं आणि मागच्या खोलीत, त्याच वाळूच्या घमेल्याशेजारी ठेवून दार लावलं. आता दाराखालच्या फटीपाशी बाहेरच्या बाजूनं नवी बसली होती, आणि आत पांढरी.

मी खाटेवर बसले. डोकं चालेना. नवी मांजर घरात रुळवायची होती. आता मी जुनी मांजर तिच्याच घरात रुळवायला घेतली होती, आणि तीही नवीच्या परवानगीनं.

हे आत गेले आणि इंदापूरची गोणी घेऊन बाहेर आले. ती झटकून त्यांनी दोरी शोधली.

"उद्या सकाळच्या गाडीनं जातो," म्हणाले. "बोललो होतो. आज ती अंगावर गेली, मी पाहिलं."

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात म्हटलं आणि दोरी बोटाला गुंडाळत राहिले. नवी त्यांच्या पायाशी येऊन बसली. तिला गोणी ओळखू आली असावी, कारण ती तिचा वास घेऊ लागली आणि मग आरामात तिच्यावर बसली. हे तिच्याकडं बघत नव्हते.

मला हो म्हणायचं होतं. नियम माझाच होता. पण पहिल्या दिवसापासून अंगावर कोण गेली ह्याचा विचार केला तर गोणीत पांढरी जायला हवी होती. आजचं पाहिलं तर नवी. सुजलेला गाल बघितला तर नवी, तो सुजायच्या आधीचं बघितलं तर पांढरी. आणि मी माझी मांजर मार खाईल म्हणून नियम केला होता, तर मार दिला तिनंच. मी एवढं सगळं मनात फिरवलं आणि तोंडातून आलं ते असं:

"कुठली नेणार?"

हे थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे कुठली न्यायची ते मला सांगता येत नाही."

"नियम तुझा आहे."

"माहीत आहे. मला त्याचा अर्थ लागत नाही आता. राहू द्या."

त्यांनी दोरी खिशात घातली. गोणीवर मांजर बसली होती, म्हणून गोणी तिथंच राहिली. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतःच चहा टाकला, माझ्यासाठीही, आणि साखर दोनदा घातली.

त्याच आठवड्यात दवाखान्यात उलट्या-जुलाबांची साथ आली आणि मी घरी फक्त झोपायला येत होते. फरशी पुसायला कुणाला सवड नव्हती. ह्यांनी झाडून काढलं तेवढंच. मागच्या खोलीचं दार ह्यांनी हळूहळू उघडं ठेवायला सुरुवात केली. मी घरी यायची तेव्हा विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, काही नाही. मला वाटायचं, लपवतायत. पण खरंच काही झालं नव्हतं. पांढरी बाहेर यायची, नवी तिचा जांभळा गाल हुंगायची, दोघी बाजूला व्हायच्या. जांभळा रंगही फिका होत चालला होता.

पुढं कधीतरी मला संशय आला की मी रोज सकाळी फिनेलनं त्यांची ओळखच पुसून टाकत होते, आणि म्हणून रोज सकाळी त्यांना एकमेकींची पुन्हा पहिल्यापासून भेट घ्यावी लागत होती. आक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "व्हय, आसंल." मग थोड्या वेळानं, "न्हाय तर मग मीठ." शेजारणीचं मत, थंडी पडली म्हणून. हे म्हणतात, दोघी दमल्या. मी फिनेल सोडून साध्या पाण्यानं पुसायला लागले, पण त्यानंतरही दोन वेळा त्या कडकडून भांडल्या, तेव्हा फिनेलवर तरी किती ढकलायचं.

मैत्री म्हणावी असं मला काही दिसलं नाही. एकमेकींना चाटणं, एकत्र झोपणं, असलं काही नाही. एकदा मी दुपारच्या पाळीवरून आले तर दोघी एकाच ताटलीत तोंड घालून दूध पीत होत्या, डोक्याला डोकं लागलेलं. मी दारात उभी राहिले. त्यांना एकच ताटली पुरते की काय, की हे दुसरी ठेवायला विसरले, मला ठरवता येईना. शेवटी मी दुसरी ताटली भरून शेजारी ठेवली. दोघींनी मान वर केली, पहिली ताटली सोडली, आणि दोघी दुसरीवर जाऊन बसल्या.