आतलं तेल

कमल गेली त्याला सव्वा महिना झाला. जळगावच्या पिंप्राळ्याहून तिच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी फैजपूरला गच्चीवर पापड वाळत घालत होते. "अक्का, कमलताई हाकेला ओ देत नाहीत, लगेच निघा." पापड तसेच टाकून मी निघाले.

कमल माझी धाकटी बहीण. कोकणात कालवांची, म्हणजे शिंपल्यातल्या जिवांची, पिल्लं वाढवायच्या प्रयोगशाळेत तिनं आयुष्य काढलं आणि निवृत्त होऊन एकटी जळगावला राहिली. पिल्लं इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसायचीच नाहीत. मी चिडवायची, "आम्ही केळी पिकवतो, तू धूळ पाळ!" ती मनापासून सांगत बसायची. पिल्लू आईकडून थोडं तेल अंगात घेऊन येतं. उपाशी ठेवलं की त्यावरच जगतं.

"पोहतं वं अक्का. कवचसुद्धा थोडं वाढतं. बाहेरून मापलं तर सगळं बरं. आतलं तेल तेवढं सरत जातं."

"मग खायला टाका ना त्याच्यापुढे!"

"वेळेत टाकलं तर सावरतं. एक दिवस असा येतो, त्यानंतर कितीही टाका, अंगी लागत नाही."

"तो दिवस कळतो कसा?"

"त्या दिवशी नाही कळत. मागून कळतो."

गेल्या हिवाळ्यात पुतणीच्या लग्नात कासार बांगड्या भरायला आला. नेहमी कमलला साबण लागायचा. त्या खेपेला बांगड्या सरसर चढल्या. "ताईंचा हात म्हणजे लोणी!" कासार म्हणाला. बायका हसल्या, मीही हसले. कमलनं एक बांगडी पार कोपरापर्यंत सरकवली आणि माझ्याकडे बघत राहिली. आणि मी काय म्हणाले? "भाऊ, हिला लहान माप द्या."

पंगतीत "जेवले वं, वाढू नको" म्हणाली, तेही मी खरं मानलं. डॉक्टरांकडे नेली तोवर पोटातलं दुखणं पसरलं होतं. नळीनं भरवायचे, बाटल्या चढवायचे... काही अंगी लागेना. शेवटी हट्टानं पिंप्राळ्याला आपल्या घरी परतली.

परवा तिचं कपाट आवरलं. दर आठवड्याला मी बसवाल्याच्या हाती केळ्याच्या वेफरची पुडी पाठवायची. त्या सगळ्या तिथे ओळीनं उभ्या. प्रयोगशाळेतली सवय, प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख, किती खाल्लं ते. अर्धी. पाव. दोन चकत्या. पुढे नुसत्याच तारखा.

पुड्या मी टाकल्या नाहीत. दुपारी दार लावून घेते, चष्मा चढवते आणि कोणत्या चिठ्ठीपर्यंत वेळ होता, ते बघत बसते.