खालच्या पट्टीतला मुलगा

आमच्या घरात गाणं म्हणजे पेटीची पांढरी चार, उंच पट्टी. बाबा शाळामास्तर, पण गावात त्यांची ओळख भजनातला आवाज म्हणून. पेटीवर बसले की पहिल्याच ओळीला सूर सुपारीच्या वाडीच्या टोकापर्यंत पोचायचा. पट्टी उतरवणं म्हणजे त्यांच्या लेखी नामुष्की. अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो. वयात येताना माझा आवाज फुटला तो जो खाली गेला, त्याने तिथेच मुक्काम ठोकला. आरतीला मी तोंड उघडलं की बायका मागे वळून बघत. एका गणपतीत बाबांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात झांजा दिल्या. "तू वाजव," म्हणाले, "गायचं आम्ही बघतो."

झांजा मी चांगल्या वाजवतो. राग काही गेला नाही.

पुढे याच आवाजावर पोट भरलं. मांडव्याहून बोटीने मुंबईला जायचं आणि डबिंगच्या काचेच्या खोलीत दिवसभर राक्षस, अस्वल, नाहीतर बोलणारा डोंगर व्हायचं. नायक मी कधीच झालो नाही; शेवटी नायकाच्या हातून मरणारा झालो. गाणीही मिळाली, पण कोरसमधली. वर सगळे मजेत गात आणि मी खाली एकटा हूं हूं करत त्यांचा भार उचलायचा. फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं की समोरचा अनोळखी माणूस मला 'सर' म्हणायला लागायचा, एवढीच काय ती प्रतिष्ठा. अलीकडे राक्षसही कॉम्प्युटरच बोलायला लागले आणि मी बहुतेक दिवस घरीच असायचो.

बाबांची नजर काचबिंदूने आधीच नेली होती. मग कान गेले. दुष्काळात तेरावा महिना. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांनी काढून ठेवलं. "भांडी ऐकू येतात, माणसं नाहीत," म्हणाले. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे आवाज संपलेत, अगदी खालचे तेवढे शिल्लक आहेत. मग माझ्याकडे बघून हसले. "तुमचा येत असेल ऐकू."

येत होता. बायकोचा नाही, शेजाऱ्यांचा नाही, फक्त माझा. घरातलं प्रत्येक वाक्य माझ्या गळ्यातून जाऊ लागलं. "बाबांना सांगा हो, आंघोळीचं पाणी काढलंय." दारावर येणारी कोळीणसुद्धा टोपली उतरवता उतरवता मलाच हाक मारी. "दादा, म्हाताऱ्याला इचार, बोंबील घ्यायचं हायत का न्हाय? माजं काय ते आयकत न्हाय."

एका संध्याकाळी बाबांनी पेटी मागितली. "तू म्हण," म्हणाले. मी भजन सुरू केलं. त्यांची बोटं चाचपडत पट्ट्यांवरून डावीकडे सरकली, आणखी डावीकडे, जिथे ती गाण्यासाठी उभ्या आयुष्यात गेली नव्हती, आणि माझ्या 'सा'वर येऊन थांबली. "इथं राहतोस होय तू," एवढंच म्हणाले. मला रडू आलं. लपवायची गरज नव्हती, त्यांना दिसत नव्हतं.

मग रोजच संध्याकाळी आम्ही बसू लागलो. इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं, आणि ते टिकणारही नव्हतं.

माझा आवाज बसला तेव्हा हवा बदलली म्हणून सोडून दिलं. सुंठ, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, सगळं झालं. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर माणूस जाईल. बायको म्हणाली, "आवाज गेला तर गेला, तुम्ही राहा." बरोबरच होतं तिचं. पण मला राहून राहून एकच दिसत होतं. मी गप्प झालो की या जगात बाबांशी बोलणारं कुणी उरणार नाही.

स्टुडिओतल्या एका मित्राने माझी रोजची वाक्यं रेकॉर्ड करून दिली. जेवायला चला. गोळी घ्या. मी इथंच आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमध्ये माझा सूर मावेचना, म्हणून मोठा स्पीकर आणला. बाबांना ऐकू आलं. पण ते विचारत, "आज वारा कुठला सुटलाय रे?" आणि माझा आवाज उत्तर देई, "गोळी घ्या." "थट्टा करतोस का म्हाताऱ्याची?" ते चिडून म्हणाले. मी स्पीकर उचलून माळ्यावर टाकला.

निघायच्या दिवशी त्यांना गळ्याचं ऑपरेशन आहे एवढं सांगितलं. आवाज परत येणार नाही हे मात्र सांगितलं नाही. इतक्या राक्षसांची मरणं मी एका टेकमध्ये दिली, हे एक वाक्य जमलं नाही.

"लवकर ये," बाबा म्हणाले. "तोवर मी गप्पच."

घरी आलो तो गळ्याला भोक आणि खिशात टॉर्चएवढं एक यंत्र घेऊन. ते गळ्याला लावून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की त्याच्या घरघरीतून शब्द निघतात. हॉस्पिटलात मी वेड्यासारखा सराव केला होता. बायकोला आता बरंचसं कळत होतं. आशा एवढीच होती की यंत्राचा आवाजही खालचाच आहे.

बाबा ओटीवर बसले होते. मी त्यांचा हात हातात घेतला, तो त्यांनी लगेच ओळखला. चेहरा उजळला. "आलास? बोल."

मी यंत्र गळ्याला लावलं. "बाबा, मी आलोय."

त्यांनी मान तिरकी केली. ऐकू येत होतं त्यांना! मी बटण दाबूनच धरलं आणि तेच पुन्हा म्हणालो, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"विहिरीवरची मोटार चालू राहिलीय वाटतं," ते म्हणाले. "पाणी फुकट जातंय. आधी ती बंद करून ये, मग निवांत बोलू."

बटणावरचं माझं बोट आपोआप निघालं.

"हं, झाली बंद," बाबा म्हणाले. "आता बोल."