बोरीखालचं पाखरू

"तो थिरथिरा नाही, सर," आखातात अल खोरला कंपनीची बस चालवणारा बाजीराव बोरीखालच्या पाखराकडे बोट दाखवत म्हणाला. "थिरथिरा आमच्या बीडच्या रानात दर हिवाळ्यात येतो. बसला की शेपूट थरथरतं. ह्याचं नाही थरथरत."

पक्ष्यांचे फोटो काढणारा इंजिनिअर अभिजित नुसता हसला. बाजीराव हट्टाला पेटला. बसला पाखरं बुजत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नऊ दिवस जेवणाच्या सुट्टीत तो त्याच बोरीसमोर बस लावून, इंजिन बंद करून काचेतून बघत राहिला. दहाव्या दिवशी अभिजितही आला. पाखरू उन्हात आलं. छाती नारिंगी, थेट तोंडापर्यंत.

"रॉबिन! इथं क्वचितच दिसतो! दार उघड, यल्ला, चल लवकर!"

बाजीरावनं दार उघडलं नाही. स्वतःची सीट मात्र रिकामी केली.

"बसा इथं. आणि गप बघा."