नमुन्याचं घर

आमच्या इमारतीला तीस वर्षं नाव नव्हतं. "डाळ मिलच्या मागची तीन मजली" म्हटलं की जळगावचा कुठलाही रिक्षावाला आणून सोडायचा. मग म्हातारे मालक वारले. त्यांच्या मुलानं बाहेरून गुलाबी रंग फासला, 'रेसिडेन्सी' अशी पाटी लावली आणि आमच्या भाड्याच्या खोल्या एकाएकी ओनरशिपचे फ्लॅट झाल्या. संडासाचं गळकं छत तेवढं जसंच्या तसं राहिलं.

भाडेकरूंना पहिला हक्क होता, दिवाळीपर्यंत. आईला घर घ्यायचंच होतं. लग्न होऊन आली ती याच दोन खोल्यांत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पैसेही जुळवले होते. पण आबा पडले व्यवहारी. "या खुराड्याला गिऱ्हाईक कोण मिळणार? थांबा, भाव आपोआप खाली येईल," म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

मालकाच्या मुलाला लोकांना दाखवायला एक नीटनेटकं घर हवं होतं. बाकीच्यांनी शहाणपणानं नाही म्हटलं. मग तो आमच्याकडे आला. "अक्का, फक्त नजर टाकून जातील." आई सुखावली. मीही मूर्खासारखे पडदे धुऊन दिले.

आता दारात आलेला माणूस तसाच परत पाठवायचा, हे आईच्या रक्तात नाही. उन्हातून तापून आलेल्यांना ती आधी माठातलं पाणी द्यायची, मग चहा, आणि जेवणाची वेळ असेल तर कळण्याची भाकरी नि भरीत. वर सांगायची, "दखा, आठे वारा कसा येस! शेजार बठ्ठा चांगला शे." मालकाच्या मुलानं छापलेल्या गुळगुळीत पत्रकात एवढी ताकद नव्हती. एकेक फ्लॅट विकला जात होता नि भाव चढत होता. आबांनी पेपर खाली ठेवला तो दसऱ्याला.

तोवर धुळ्याचं एक निवृत्त जोडपं दोनदा जेवून गेलं होतं. त्यांना दुसरा फ्लॅट नकोच होता. हाच हवा होता, मागतील त्या किमतीला. "पहिला हक्क अजून तुमचाच आहे, आबा," मालकाचा मुलगा फार आदबीनं म्हणाला. भाव मात्र धुळेकरांचा होता. घर सोडताना आईनं धुळ्याच्या बाईंना पावसात कुठली खिडकी अडकते तेही समजावून सांगितलं. मला तिचा राग आला, आबांचा त्याहून जास्त.

आता आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहतो. मागच्या महिन्यात भर दुपारी इथला मालकही दोन माणसं घेऊन दारात उभा राहिला. "अक्का, जरा घर बघू द्या यांना."

आई उंबऱ्यावरून हलली नाही. "काय दखतस, भाऊ? पानी येत नही. भीत बठ्ठी ओली शे."

भिंत ठणठणीत कोरडी होती आणि मोरीतला नळ धो धो वाहत होता. माणसं आल्या पावली परत गेली. आबा आणि मी पोट धरून हसलो.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात गेलो तर गॅसवर चहा उकळत होता, चांगला सहा कपांचा. आई ओट्याला टेकून उभी होती.

"आता कोण येणार आहे?" मी विचारलं.

"बाहेर ऊन केवढं शे रे," ती म्हणाली. "पानीसुद्धा नही इचारं मी त्यास्ले."